मोल गुणोत्तर वापरून रासायनिक अभिक्रियांची गणितं कशी सोडवायची

रासायनिक अभिक्रियेवरचं गणित समोर आलं की बहुतेक नवशिके पहिल्याच ओळीत ग्रॅमचे आकडे एकमेकांशी गुणायला-भागायला लागतात. प्रश्नात ग्रॅम दिलेले असतात, उत्तरही ग्रॅममध्येच हवं असतं, त्यामुळे तसा मोह होणं साहजिक आहे. पण संतुलित समीकरण (ज्याच्या दोन्ही बाजूंना प्रत्येक मूलद्रव्याचे अणू सारखे असतात) ग्रॅमबद्दल काहीच सांगत नाही, ते कणांच्या संख्येबद्दल सांगतं. म्हणून या सगळ्या गणितांचा रस्ता एकच आहे. दिलेल्या पदार्थाचे ग्रॅम मोलमध्ये बदलायचे, त्या मोलवरून हव्या असलेल्या पदार्थाचे मोल काढायचे आणि मग पुन्हा ग्रॅमवर यायचं. एका पदार्थावरून दुसऱ्यावर नेणारी मधली पायरी म्हणजे मोल गुणोत्तर. ती नीट कळली की उरतो तो नुसता गुणाकार-भागाकार.

या लेखात समीकरणं सूत्रांऐवजी नावांनी लिहिली आहेत. वहीत तुम्ही सूत्रं लिहालच, पण इथे नजर आकड्यांवर राहू द्या.

समीकरणातले आकडे नेमकं काय सांगतात

अमोनिया तयार होण्याची अभिक्रिया घेऊ:

१ नायट्रोजन + ३ हायड्रोजन → २ अमोनिया

नावांच्या आधी आलेले १, ३, २ हे सहगुणक. नायट्रोजनचा एक रेणू हायड्रोजनच्या तीन रेणूंशी संयोग पावतो आणि अमोनियाचे दोन रेणू तयार होतात, एवढंच हे समीकरण म्हणतं. एकाऐवजी हजार रेणू घेतले तर तीन हजार लागतील आणि दोन हजार मिळतील. गुणोत्तर तेच राहतं.

आता प्रत्यक्षात रेणू मोजत बसणं अशक्य आहे, म्हणून रसायनशास्त्रज्ञ मोल हे एकक वापरतात. १ मोल म्हणजे ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण. हाच अ‍ॅव्होगॅड्रो अंक. २०१९ पासून त्याची किंमत व्याख्येनेच पक्की केलेली आहे: ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात. गणितात हा अंक फारसा लागतही नाही. लक्षात ठेवायचं ते इतकंच की कोणत्याही पदार्थाच्या १ मोलमध्ये कणांची संख्या सारखीच असते. त्यामुळे रेणूंचं जे गुणोत्तर, तेच मोलचं. म्हणजे १ मोल नायट्रोजनला ३ मोल हायड्रोजन लागतो आणि २ मोल अमोनिया मिळतो.

ग्रॅममध्ये बघितलं तर चित्र वेगळं दिसतं. १ मोल नायट्रोजन म्हणजे २८ ग्रॅम, ३ मोल हायड्रोजन म्हणजे ६ ग्रॅम आणि २ मोल अमोनिया म्हणजे ३४ ग्रॅम. २८ आणि ६ जुळून ३४ झाले, म्हणजे द्रव्य अक्षय्यतेचा नियम पाळला गेला. पण २८ : ६ हे प्रमाण १ : ३ च्या जवळपासही नाही. उलट हायड्रोजनच वजनाने कमी लागतो. "१० ग्रॅम नायट्रोजनला ३० ग्रॅम हायड्रोजन लागेल" असं कोणी लिहिलं तर उत्तर थोडंथोडकं चुकत नाही. खरा आकडा साधारण २.१४ ग्रॅम आहे, म्हणजे चूक चौदा पटींची.

इथेच आणखी एक गोष्ट बघून ठेवा. डावीकडे ४ मोल आहेत आणि उजवीकडे २. मोलची बेरीज दोन्ही बाजूंना सारखी यायलाच हवी असं नाही. सारखी यायला हवी ती अणूंची संख्या आणि वस्तुमान. आपल्या उत्तराची पडताळणी करताना हा फरक उपयोगी पडतो.

गणिताला हात घालण्याआधीची तयारी

पहिलं काम समीकरण संतुलित करणं. संतुलित नसलेल्या समीकरणावरून काढलेलं गुणोत्तर निरुपयोगी असतं, मग पुढची आकडेमोड कितीही बिनचूक असो. संतुलन करताना फक्त सहगुणक बदलायचे, सूत्राच्या आतले आकडे कधीही नाही. पाण्याच्या सूत्रात ऑक्सिजनचा एक अणू असतो. "ऑक्सिजन कमी पडतोय" म्हणून तिथे दोन केले, तर पाण्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड होतं. म्हणजे अभिक्रियाच बदलली.

सूत्राच्या आतला आकडा आणि सहगुणक यांत नवशिक्यांची आणखी एक गल्लत होते. फेरिक ऑक्साइडच्या सूत्रात लोहाचे २ आणि ऑक्सिजनचे ३ अणू असतात. हे २ आणि ३ त्या एका संयुगाच्या आतले आहेत. दोन वेगवेगळ्या पदार्थांमधलं मोल गुणोत्तर मात्र सहगुणकांवरून घ्यायचं.

दुसरं काम लागणाऱ्या पदार्थांची रेणुवस्तुमानं (सूत्रातल्या सगळ्या अणूंच्या वस्तुमानांची बेरीज) काढून एका बाजूला लिहून ठेवणं. साध्या गणितांना पूर्णांकात घेतलेली अणुवस्तुमानं पुरतात: हायड्रोजन १, लिथियम ७, कार्बन १२, नायट्रोजन १४, ऑक्सिजन १६, सोडियम २३, मॅग्नेशियम २४, अ‍ॅल्युमिनियम २७, गंधक ३२, पोटॅशियम ३९, कॅल्शियम ४०, लोह ५६. क्लोरीन तेवढा ३५.५ घ्यायचा. १ मोल पदार्थाचं ग्रॅममधलं वस्तुमान हे आकड्याने त्याच्या रेणुवस्तुमानाइतकंच असतं, म्हणून मोलची संख्या काढायला ग्रॅमला रेणुवस्तुमानाने भागायचं.

एक सापळा इथे कायम असतो. अभिक्रियेत ऑक्सिजन वायू भाग घेतो तेव्हा तो दोन अणूंच्या रेणूच्या रूपात असतो, म्हणून त्याचे ३२ धरायचे, १६ नाही. हायड्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजन, फ्लोरीन, क्लोरीन, ब्रोमीन आणि आयोडीन ही सात मूलद्रव्यं अशी जोडीने असतात. ही यादी पाठच करा. तिच्यापुरतं पाठांतर फायद्याचं आहे.

तीन पायऱ्या, एका उदाहरणावर

६ ग्रॅम मॅग्नेशियम हवेत पूर्ण जाळलं. मॅग्नेशियम ऑक्साइड किती मिळेल?

२ मॅग्नेशियम + १ ऑक्सिजन → २ मॅग्नेशियम ऑक्साइड

पहिली पायरी, ग्रॅमवरून मोल: ६ भागिले २४, म्हणजे ०.२५ मोल मॅग्नेशियम.

दुसरी पायरी, मोल गुणोत्तर: मॅग्नेशियम आणि मॅग्नेशियम ऑक्साइड २ : २, म्हणजे १ : १. म्हणून ०.२५ मोल मॅग्नेशियम ऑक्साइड.

तिसरी पायरी, मोलवरून ग्रॅम: मॅग्नेशियम ऑक्साइडचं रेणुवस्तुमान ४०. ०.२५ गुणिले ४०, म्हणजे १० ग्रॅम.

आता पडताळा घ्या. ऑक्सिजन लागला ०.१२५ मोल, म्हणजे ४ ग्रॅम. ६ आणि ४ मिळून १०. बरोबर. हा पडताळा अर्ध्या मिनिटाचं काम आहे आणि बहुतेक चुका तिथेच पकडल्या जातात, म्हणून तो टाळू नका.

वरच्या प्रत्येक ओळीत आकड्याच्या शेजारी एकक आणि पदार्थाचं नाव, दोन्ही लिहिलेलं आहे. नुसतं "०.२५ मोल" लिहिलं तर पुढच्या ओळीत ते कशाचे मोल हे विसरायला होतं, आणि मग मॅग्नेशियमच्या मोलला ऑक्साइडच्या रेणुवस्तुमानाने गुणलं जातं. १ : १ च्या गणितात ही चूक लपून राहते, कारण उत्तर योगायोगाने बरोबर येतं. पुढच्या गणितात ती उघडी पडते.

गुणोत्तर उलटं होऊ नये म्हणून

प्रोपेन जळताना असं समीकरण होतं:

१ प्रोपेन + ५ ऑक्सिजन → ३ कार्बन डायऑक्साइड + ४ पाणी

११ ग्रॅम प्रोपेन पूर्ण जळायला ऑक्सिजन किती लागेल, आणि कार्बन डायऑक्साइड व पाणी किती तयार होईल?

प्रोपेनचं रेणुवस्तुमान ४४ (कार्बनचे ३६, हायड्रोजनचे ८). म्हणजे ०.२५ मोल प्रोपेन. आता ५ ने गुणायचं की भागायचं, हा प्रश्न पुष्कळांना पडतो. त्यासाठी एकच नियम: जो पदार्थ हवा आहे त्याचा सहगुणक वर, जो दिला आहे त्याचा खाली.

ऑक्सिजन हवा आहे, प्रोपेन दिला आहे. म्हणून ०.२५ मोल प्रोपेन गुणिले (५ मोल ऑक्सिजन भागिले १ मोल प्रोपेन). वरचा-खालचा "मोल प्रोपेन" कटतो आणि "मोल ऑक्सिजन" शिल्लक राहतो: १.२५ मोल. गुणोत्तर उलटं लिहिलं असतं तर "मोल प्रोपेन" कटलंच नसतं आणि एकक विचित्र आलं असतं. एककं नीट लिहिली की चूक ती आपणहून दाखवून देतात.

१.२५ मोल ऑक्सिजन म्हणजे ४० ग्रॅम. कार्बन डायऑक्साइड ०.७५ मोल, म्हणजे ३३ ग्रॅम. पाणी १ मोल, म्हणजे १८ ग्रॅम. पडताळा: डावीकडे ११ आणि ४० मिळून ५१, उजवीकडे ३३ आणि १८ मिळून ५१.

दिलेला पदार्थ समीकरणाच्या उजवीकडचा असला तरी पद्धत बदलत नाही. "९ ग्रॅम पाणी तयार झालं, तर प्रोपेन किती जळला असेल?" ०.५ मोल पाणी गुणिले १/४, म्हणजे ०.१२५ मोल प्रोपेन, म्हणजे ५.५ ग्रॅम. बाणाच्या कोणत्या बाजूला पदार्थ आहे याने काही फरक पडत नाही. डावीकडच्याच दोन पदार्थांमध्ये किंवा उजवीकडच्याच दोघांमध्येही गुणोत्तर लावता येतं.

हे गणित जिवावर बेततं तेव्हा

अंतराळयानाच्या बंद केबिनमध्ये माणसं श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड सोडत राहतात. तो शोषून घेतला नाही तर काही तासांतच हवा घातक होऊ लागते. अपोलो यानांत त्यासाठी लिथियम हायड्रॉक्साइडचे डबे होते. एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ वर स्फोट झाला, अंतराळवीरांना चांद्रयानात, म्हणजे चंद्रावर उतरण्यासाठी सोबत नेलेल्या छोट्या यानात, आसरा घ्यावा लागला आणि तिथले डबे पुरेनात. मुख्य यानातले चौकोनी डबे चांद्रयानातल्या गोल जागेत बसत नव्हते, ते हाताशी असलेल्या सामानातून जोडून घ्यावे लागले. डबे किती वेळ पुरतात, हा प्रश्न मुळात मोल गुणोत्तराचा आहे.

२ लिथियम हायड्रॉक्साइड + १ कार्बन डायऑक्साइड → १ लिथियम कार्बोनेट + १ पाणी

एक माणूस दिवसाला साधारण १ किलो कार्बन डायऑक्साइड सोडतो असं धरू. १००० भागिले ४४, म्हणजे २२.७ मोल. त्याच्या दुप्पट, म्हणजे ४५.५ मोल लिथियम हायड्रॉक्साइड लागेल. त्याचं रेणुवस्तुमान २४, म्हणून सुमारे १०९० ग्रॅम. दर माणशी, दर दिवशी किलोभरापेक्षा थोडं जास्त.

आता हेच काम स्वस्तातल्या सोडियम हायड्रॉक्साइडकडून करून घेतलं तर? अभिक्रिया तशीच, गुणोत्तरही २ : १ च. मोल तितकेच लागणार, ४५.५. पण त्याचं रेणुवस्तुमान ४० आहे, म्हणून वजन होतं सुमारे १८२० ग्रॅम. मोल सारखे असूनही ग्रॅममध्ये दोन-तृतीयांश वाढ. यानात जिथे प्रत्येक किलोचा हिशेब असतो तिथे लिथियम का निवडतात, ते या दोन ओळींच्या गणितातून कळतं. मला हे उदाहरण फार आवडतं, कारण मोल आणि ग्रॅम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे ते एका फटक्यात दाखवतं.

दोन्ही पदार्थ दिलेले असतील तर

खरी कसोटी इथे लागते. आतापर्यंत एकाच पदार्थाचं प्रमाण दिलं होतं आणि दुसरा लागेल तेवढा आहे असं गृहीत होतं. दोन्ही अभिक्रियाकारकांची प्रमाणं दिली असतील, तर आधी कोण अगोदर संपेल ते शोधायचं. त्याला मर्यादक अभिक्रियाकारक म्हणतात. वर्गात बहुतेक जण "लिमिटिंग रिएजंट" असंच म्हणतात. उत्पादन किती मिळणार ते तोच ठरवतो.

समजा प्रत्येक कुलपाबरोबर दोन किल्ल्या देऊन संच बांधायचे आहेत. १० कुलपं आणि १४ किल्ल्या आहेत. किल्ल्या संख्येने जास्त आहेत, तरी संच होतील सातच आणि तीन कुलपं उरतील. संख्या जास्त असणं आणि गरजेपुरतं असणं यांत हा फरक आहे. म्हणून नुसते मोल बघून निर्णय करायचा नाही. प्रत्येकाच्या मोलला त्याच्या सहगुणकाने भागायचं. ज्याचं उत्तर लहान, तो मर्यादक.

थर्माइट अभिक्रियेवर हे करून बघू. हान्स गोल्डश्मिट यांनी १८९५ मध्ये तिचं पेटंट घेतलं आणि रेल्वेचे रूळ जोडायला ती आजही वापरतात. तापमान २००० अंश सेल्सिअसच्या वर जातं, तेव्हा हे कागदावरच करायचं.

२ अ‍ॅल्युमिनियम + १ फेरिक ऑक्साइड → १ अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड + २ लोह

१०.८ ग्रॅम अ‍ॅल्युमिनियम आणि ४० ग्रॅम फेरिक ऑक्साइड घेतलं. रेणुवस्तुमानं क्रमाने २७, १६०, १०२ आणि ५६.

अ‍ॅल्युमिनियम: १०.८ भागिले २७, म्हणजे ०.४ मोल. सहगुणक २ ने भागून ०.२.
फेरिक ऑक्साइड: ४० भागिले १६०, म्हणजे ०.२५ मोल. सहगुणक १ ने भागून ०.२५.

०.२ लहान, म्हणून अ‍ॅल्युमिनियम मर्यादक. त्याचे मोल जास्त असूनही.

आता समीकरणाखाली तीन ओळींचा तक्ता मांडा. क्रम समीकरणातलाच ठेवा: अ‍ॅल्युमिनियम, फेरिक ऑक्साइड, अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड, लोह. सगळे आकडे मोलमध्ये.

सुरुवातीला: ०.४ | ०.२५ | ० | ०
बदल: −०.४ | −०.२ | +०.२ | +०.४
शेवटी: ० | ०.०५ | ०.२ | ०.४

बदलाच्या ओळीत आकडे नेहमी सहगुणकांच्या प्रमाणात येतात, इथे २ : १ : १ : २. सुरुवातीची ओळ मात्र हव्या त्या प्रमाणात असू शकते. पुष्कळ विद्यार्थी सुरुवातीच्या किंवा शेवटच्या ओळीला गुणोत्तर लावायला जातात आणि अडकतात. गुणोत्तर लागू होतं ते फक्त बदलाला.

ग्रॅममध्ये: लोह २२.४, अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड २०.४, उरलेलं फेरिक ऑक्साइड ८. बेरीज ५०.८. सुरुवातीला १०.८ आणि ४० मिळून ५०.८ च होते. शिल्लक राहिलेला पदार्थ बेरजेत धरायला विसरू नका, नाहीतर बरोबर उत्तरही चूक वाटेल.

फेरिक ऑक्साइड ४० ऐवजी २४ ग्रॅम घेतलं तर? आता ते ०.१५ मोल झालं. ०.१५ हे ०.२ पेक्षा लहान, म्हणजे या वेळी फेरिक ऑक्साइड मर्यादक. वजनाने ते अ‍ॅल्युमिनियमच्या दुपटीहून जास्त आहे, तरी आधी तेच संपतं. लोह मिळेल ०.३ मोल, म्हणजे १६.८ ग्रॅम, आणि २.७ ग्रॅम अ‍ॅल्युमिनियम तसंच राहील. पहिल्या वेळी मोल जास्त असलेला संपला, दुसऱ्या वेळी ग्रॅम जास्त असलेला. ही दोन गणितं शेजारी शेजारी ठेवून एकदा स्वतः सोडवा, म्हणजे "कमी दिसतो तो मर्यादक" हा समज कायमचा जाईल.

प्रत्यक्षात मिळणारं उत्पादन

गणिताने येतं ते सैद्धांतिक उत्पादन. प्रत्यक्षात काही पदार्थ भांड्याला चिकटतो, काही अभिक्रिया अपुरी राहते, काही भलतंच उत्पादन तयार होतं. म्हणून हाती कमी येतं. वरच्या पहिल्या गणितात २२.४ ग्रॅमऐवजी २०.१६ ग्रॅम लोह मिळालं, तर उत्पादन ९० टक्के.

उलटा प्रश्न जास्त विचार करायला लावतो. ५६ ग्रॅम लोह हवं आहे आणि उत्पादन ८० टक्केच मिळतं, तर फेरिक ऑक्साइड किती घ्यावं? इथे ५६ चे ८० टक्के काढायचे नाहीत. ज्याचे ८० टक्के ५६ होतात तो आकडा काढायचा: ५६ भागिले ०.८, म्हणजे ७० ग्रॅम. ७० ग्रॅम लोह म्हणजे १.२५ मोल, त्याच्या निम्मे ०.६२५ मोल फेरिक ऑक्साइड, म्हणजे १०० ग्रॅम. टक्केवारीची दुरुस्ती उत्पादनाच्या बाजूला आधी करून घ्यायची आणि मग गुणोत्तर लावायचं, म्हणजे गोंधळ होत नाही.

वायू आणि द्रावणं

वायूंचं काम सोपं आहे. सारख्या तापमानाला आणि दाबाला वायूंच्या सारख्या आकारमानात रेणूंची संख्या सारखी असते, हे अ‍ॅव्होगॅड्रो यांनी १८११ मध्ये मांडलं. त्यामुळे सगळे पदार्थ वायुरूप असतील तर सहगुणक थेट लिटरला लावता येतात. ५० लिटर नायट्रोजनला १५० लिटर हायड्रोजन लागेल आणि अभिक्रिया पूर्ण झाली तर १०० लिटर अमोनिया मिळेल. ० अंश सेल्सिअस आणि १ वातावरण दाबाला १ मोल वायू सुमारे २२.४ लिटर जागा व्यापतो. ग्रॅम आणि लिटर एकाच गणितात आले की हा आकडा वापरायचा. घन आणि द्रव पदार्थांना मात्र तो लावायचा नाही. पाण्याच्या १ मोलचं आकारमान अवघं १८ मिलीलिटर असतं.

द्रावणांत मोल काढायचे ते मोलॅरिटी (१ लिटर द्रावणात विरघळलेले मोल) गुणिले लिटर असे. मिलीलिटरचं लिटर करायला विसरू नका. इथे टायट्रेशनचं (एक द्रावण दुसऱ्यात मोजून टाकत अभिक्रिया पूर्ण करण्याच्या पद्धतीचं) एक प्रसिद्ध सूत्र घोटाळा करतं: पहिल्याची मोलॅरिटी गुणिले आकारमान बरोबर दुसऱ्याची मोलॅरिटी गुणिले आकारमान. हे सूत्र फक्त १ : १ च्या अभिक्रियेला चालतं. सल्फ्युरिक आम्ल घेतलं की ते फसतं.

१ सल्फ्युरिक आम्ल + २ सोडियम हायड्रॉक्साइड → १ सोडियम सल्फेट + २ पाणी

२५ मिलीलिटर ०.१ मोलर सल्फ्युरिक आम्ल उदासीन करायला ०.२ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड किती लागेल? त्या सूत्राने उत्तर येतं १२.५ मिलीलिटर. मोलच्या रस्त्याने जाऊ: आम्लाचे ०.१ गुणिले ०.०२५, म्हणजे ०.००२५ मोल. त्याच्या दुप्पट ०.००५ मोल सोडियम हायड्रॉक्साइड. ०.००५ भागिले ०.२, म्हणजे ०.०२५ लिटर, म्हणजे २५ मिलीलिटर. सूत्राने उत्तर निम्मं केलं होतं. माझा स्पष्ट सल्ला असा की सुरुवातीला ते सूत्र वापरूच नका. तीन पायऱ्यांनी जा. वेळ जेमतेम एका ओळीचा जास्त लागतो आणि गुणोत्तर लावायचं कधी राहून जात नाही.

आकडेमोडीबद्दल थोडं

मधल्या पायऱ्यांत आकडे लवकर तोडू नका. कॅल्क्युलेटरवर २२.७२७ आलं तर ते तसंच पुढे न्या आणि शेवटच्या उत्तरातच पूर्णांकन करा. लिथियमच्या गणितात २२.७२७ ऐवजी सुरुवातीलाच २३ धरले असते, तर शेवटी १३ ग्रॅमचा फरक पडला असता.

उत्तर आल्यावर एकदा अंदाजानेही बघा. ६ ग्रॅम मॅग्नेशियमपासून ६ ग्रॅमपेक्षा कमी ऑक्साइड आलं तर नक्कीच काहीतरी चुकलं आहे, कारण त्यात ऑक्सिजनची भर पडलेली असते.

सरावासाठी

आधी उत्तरं झाकून सोडवा.

१. २ पोटॅशियम क्लोरेट → २ पोटॅशियम क्लोराइड + ३ ऑक्सिजन. २४.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोरेटचं पूर्ण विघटन झालं, तर ऑक्सिजन किती ग्रॅम मिळेल? (पोटॅशियम क्लोरेटच्या सूत्रात पोटॅशियम १, क्लोरीन १, ऑक्सिजन ३.)

२. २ सोडियम बायकार्बोनेट → १ सोडियम कार्बोनेट + १ पाणी + १ कार्बन डायऑक्साइड. ४२ ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट तापवलं, तर मागे घन पदार्थ किती ग्रॅम उरेल? (रेणुवस्तुमानं ८४ आणि १०६.)

३. २ हायड्रोजन + १ ऑक्सिजन → २ पाणी. ४ ग्रॅम हायड्रोजन आणि २४ ग्रॅम ऑक्सिजन घेतले. पाणी किती मिळेल, आणि काय किती उरेल?

उत्तरं:

पहिलं: रेणुवस्तुमान १२२.५, म्हणून ०.२ मोल. गुणिले ३/२, म्हणजे ०.३ मोल ऑक्सिजन, म्हणजे ९.६ ग्रॅम. ४.८ आलं असेल तर ऑक्सिजनचे ३२ ऐवजी १६ धरले गेले. ६.४ आलं असेल तर ३/२ हे गुणोत्तर लावायचं राहून गेलं.

दुसरं: ०.५ मोल बायकार्बोनेटपासून ०.२५ मोल कार्बोनेट, म्हणजे २६.५ ग्रॅम. बाकीचे १५.५ ग्रॅम वाफ आणि कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातात: ४.५ आणि ११.

तिसरं: हायड्रोजन २ मोल, भागिले २, म्हणजे १. ऑक्सिजन ०.७५ मोल, भागिले १, म्हणजे ०.७५. ऑक्सिजन मर्यादक. पाणी १.५ मोल, म्हणजे २७ ग्रॅम. हायड्रोजन ०.५ मोल, म्हणजे १ ग्रॅम शिल्लक. २७ आणि १ मिळून २८, आणि सुरुवातीचे ४ आणि २४ मिळूनही २८.